दाजींचं काच पाणी

पाणी बघितल्यावर तहान न लागता तळपायाला खाज सुटणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. बाकीचा जिल्हा पाणी दिसलं की उसाचा, कालव्याच्या आवर्तनाचा, नाहीतर टँकरचा विचार करतो. आमचे दाजी एवढंच बघतात, की ह्याच्यावर उभं राहता येईल का! दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. साठी उलटली, मिशा पिकल्या, नागापूरच्या कारखान्यातून रिटायर झाले. तरी पाऊसकाळ संपला आणि धरणामागचा फुगवटा पाण्यानं भरला, की दर रविवारी सकाळी हा गृहस्थ पायांत दोन लांब फळ्या अडकवतो आणि मोटारबोटीला बांधलेली दोरी धरून पाण्यावर सुसाट पळत सुटतो. वॉटर स्कीइंग म्हणतात त्याला. हे खूळ त्यांना तरुणपणी मस्कतला नोकरीत असताना लागलं. तिकडून लोक सोनं आणायचे, टेपरेकॉर्डर आणायचे. दाजींनी फळ्यांची जोडी आणली. सामानातून ती निघाल्यावर आमचे सासरे म्हणे ती उलटीपालटी करून बघत जावयाला इतकंच म्हणाले, "बरोबर दाराची चौकट न्हाई आनली व्हय?"

ह्या फळ्यांवरच्या लोकांचा देव म्हणजे स्थिर पाणी. वारा पडलेला, एक लाट नाही, आभाळ जसंच्या तसं पाण्यात उतरलेलं. दाजी त्याला 'काच' म्हणतात, आणि काच मिळावी म्हणून ते काय करतील ह्याचा नेम नाही. पहाटे उठून आधी कडुनिंबाचं पान हलतंय का बघतात, मग शेजारच्या चुलीचा धूर बघतात. धूर सरळ वर चढला की माझा फोन वाजलाच. "पाहुणं, उठा! काच हाय, काच!" हे ते इतक्या मोठ्यानं ओरडतात, की माझी बायको पलीकडच्या कुशीवर वळून "दाजी, हळू," म्हणते आणि तेही त्यांना ऐकू जातं. भिंगारला एका लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं आमटी वाढली आणि दाजी वाटीकडे टक लावून बसले. मी घास उचलणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं. "हलू नका कुणी. बघा, कशी काच झालीय." शेजारचे चार पाहुणे खरोखर हलायचे थांबले. पुतणीसाठी स्थळ बघायला गेलो तेव्हा मुलाचं शिक्षण, शेती, घर सगळं पसंत पडलं. दाजी मात्र त्यांच्या शेततळ्याभोवती पावलं टाकत होते. परतताना गाडीत म्हणाले, "मानसं चांगली हायेत, पण तळं लांबीला मार खातंय." लग्न झालं म्हणा, पण दाजींच्या मते ती तडजोडच होती.

एसटीत त्यांना बसायला जागा मिळाली तरी ते बसत नाहीत. वरचा दांडा दोन्ही हातांनी धरायचा, हात ताठ, गुडघे वाकलेले, आणि वळण आलं की वळणाच्या आत झुकायचं. कंडक्टर "आजोबा, त्रास होतोय का?" विचारतो. ह्यांच्या चेहऱ्यावर ब्रह्मानंद!

पण दाजींची खरी कला मी घोडेगावच्या बाजारात पाहिली. म्हैस घ्यायला गेलो होतो. आदल्या दिवशी पाऊस होऊन बाजारतळावर नुसता चिखलाचा राडा झालेला. सौदा ठरला, दाजींनी दावं हातात घेतलं आणि तेवढ्यात मागून टेम्पोचा हॉर्न वाजला. म्हैस उधळली. दुसऱ्या कोणीही दावं सोडून देवाचं नाव घेतलं असतं. दाजींनी हात ताठ केले, गुडघे मोडले, अंग मागे टाकलं आणि चपलांवरून त्या चिखलातून असे काही घसरत निघाले, की व्यापारी सौदे सोडून बाजूला होऊ लागले. "आरं दावं सोडा! दावं सोडा!" असा एकच ओरडा. दाजींनी एक हात काढून अंगठा वर केला. आता पाण्यावरच्या खुणांमध्ये अंगठा वर म्हणजे 'वेग वाढवा' हे तिथं फक्त मला माहीत होतं, आणि सुदैवानं म्हशीला नव्हतं. कडब्याच्या गंजीपाशी म्हैस अचानक थांबली आणि दाजी पुढच्या डबक्यात नाहीसे झाले. लोक धावले. मी धावलो नाही, वाट बघत उभा राहिलो. आणि त्या चिखलातून सावकाश एक हात सरळ वर आला.

कारण तो नियमच आहे. पडलं, की पाण्याबाहेर हात वर करायचा. बोटीतल्या माणसाला त्याचा अर्थ, 'मी ठीक आहे.' दाजी हा नियम जमिनीवरही पाळतात. न्हाणीघरात घसरले की दरवाजाच्या वर आधी हात दिसतो, मग कण्हणं ऐकू येतं. बोटीत मागं तोंड करून बसायचं आणि तो हात दिसतोय का बघायचं, हे काम माझ्याकडे. बोट चालवतो रंगनाथ. फुगवट्याच्या काठचा मासेमार, बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. मला पोहता येत नाही, त्यामुळे जाकीट घालून बोटीची कड धरून बसणं आणि दाजींना नावं ठेवणं एवढंच मी करतो. आणि नावं ठेवायला जागा होती. पैलतीरावरच्या देवळाचा कळस आणि अलीकडची बाभळीची टेकडी एका रेषेत आली, की दाजी पडलेच म्हणून समजा. इतका वेळ दिमाखात येणारा माणूस नेमका तिथं एक हात सोडतो, डगमगतो आणि धपकन् पाण्यात. वर्षानुवर्षं तेच. मी म्हणायचो, "दाजी, तिथं पाण्याला खड्डा आहे का?" ते नुसते हसायचे.

अक्का मात्र कधी फुगवट्यावर आल्या नाहीत. त्यांचं माहेर त्या पाण्याखाली आहे. धरण भरलं तेव्हा त्या परकरी पोर होत्या. माझी बायको नंतरची, पुनर्वसनाच्या गावात जन्मलेली. तिला ते गाव ऐकूनच ठाऊक. अक्कांना चुलीची जागा, दारातला उंबर, सगळं आठवतं. दाजी दर वर्षी 'येतीस का' विचारायचे आणि अक्का दर वर्षी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "ज्या पान्यात माझं घर बुडालं, त्याच्यावर नाचनारा नवरा मला न्हाई बघायचा." दाजी ह्यावर फळ्या उचलून बाहेर पडायचे.

ह्या हिवाळ्यात डॉक्टरांनी दाजींचा गुडघा दाबून बघितला आणि सांगितलं, हा हंगाम शेवटचा. दाजींनी म्हैस उधळूनसुद्धा न सोडलेली दोरी आता सोडायची होती. त्यांना फळ्यांचं एवढं दुःख नव्हतं. "तिनं एकदा बघायला पायजे हुतं, पाहुणं," ते मला म्हणाले. "एकदाच." मी ते बायकोला सांगितलं, तिनं अक्कांना. आणि हंगामाच्या शेवटच्या रविवारी पहाटे फोन वाजला तेव्हा दाजींचा आवाज फुटत होता. "काच हाय! आन् तुमची अक्का येतीय!"

अक्का आल्या. चहाचा थर्मास मांडीवर, पदर घट्ट खोचलेला, जाकीट त्यावर. माझ्याशेजारी मागं तोंड करून बसल्या आणि पाण्याकडे मुळीच बघेनात. रंगनाथनं इंजिन वाढवलं, दोरी ताणली, आणि दाजी पाण्यातून वर आले. काय सांगू! पांढऱ्या मिशा वाऱ्यावर, दोन्ही बाजूंना पाण्याचे पंखे, मागं सकाळचं कोवळं ऊन. ते डावीकडे गेले, उजवीकडे गेले, लाट ओलांडून उडाले. मी ओरडत होतो. अक्कांनी हळूहळू मान वर केली. "आगं बया," एवढंच म्हणाल्या, पण बघत राहिल्या.

मग कळस आणि टेकडी एका रेषेत आली. दाजींनी एक हात सोडला, कपाळाकडे नेला, डगमगले आणि पडले. बोट वळली. मी हात शोधू लागलो. हात दिसेना. अक्का ताडकन् उभ्या राहिल्या, बोट भयंकर हलली, आणि पाण्यातून हाताऐवजी आरडाओरडा आला. "खाली बस! आगं खाली बस, पडशील!" बोटीत उभी राहिलेली बायको बघून दाजी हात वर करायचाच विसरले होते.

अक्का बसल्या. धाप लागली होती. "हितंच कसं पडले?" त्यांनी विचारलं. उत्तर रंगनाथनं दिलं. "दर बारीला हितंच पडत्यात, अक्का. खाली तुमचं घर हाय ना. दुष्काळात पानी उतरलं हुतं तवा तुमच्या वडलांनी दाजींना जोतं दाखवलं, कळसाची निशानी त्यांचीच. दाजी म्हनत्यात, सासुरवाडीवरनं जायाचं आन् हात न जोडता कसं जायाचं?"

मी दाजींकडे बघितलं. ते फळ्या गोळा करण्यात फारच गुंतल्यासारखं करत होते. अक्का वाकून पाण्यात बघत होत्या. हिरवं, खोल, काही न दिसणारं पाणी. डोळे भरले होते, पण आवाज अगदी घरातला निघाला.

"आई आसती तर म्हनली आसती, जावई दारात येऊन पडतो आन् चहा न पिता जातो."

त्यांनी थर्मास उघडला, पेला भरला आणि बोटीच्या कडेवरून खाली धरला. जाकिटावर तरंगत दाजींनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि फुंकर मारून प्यायले. मग दुसरा पेला माझ्यापुढे आला. "घ्या. तुमीबी ह्या घरचे जावईच की." इतकी वर्षं मी तिथून पाठमोरा जात होतो. मी बोटीची कड सोडली, आधी हात जोडले, मग चहा घेतला.

फळ्या आता पडवीत टांगल्या आहेत. दाजी येता-जाता त्यांच्यावरून फडकं फिरवतात. फोन मात्र रविवारी वाजतोच. आम्ही चौघं जातो, दाजी, अक्का, मी आणि माझी बायको. रंगनाथ हळू नेतो आणि कळस टेकडीच्या रेषेत आला की इंजिन बंद करतो. बोटीची लाट विरत विरत काठाकडे जाते. अक्का वाकतात. दाजी माझं मनगट धरतात आणि कुजबुजतात, "हलू नका कुणी."

आम्ही कुणीच हलत नाही. चहा थंड होतो.