लाल पेन्सिलवाल्या आजी

हिवाळ्यात ट्रॉयच्या मॉलमध्ये मी सकाळी चालायला जातो. तिथे एक डच आजी रोज भेटायच्या. वय ऐंशीच्या पुढे, पण मला सहज मागे टाकायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. कोटाच्या खिशात लाल पेन्सिल असायची. त्यांच्या देशात मतपत्रिकेवर लाल पेन्सिलनं खूण करतात म्हणे.

अर्धं आयुष्य इथे काढूनही त्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतलं नव्हतं. कारण काय, तर तिकडचं मत जाईल! आणि ते मत कायम एकाच पक्षाला, पोस्टानं. ख्रिस्ती विचारांचा, जरासा उजवीकडे झुकलेला हा पक्ष एके काळी देश चालवायचा. आम्ही भेटायचो तेव्हा मात्र पार आक्रसला होता.

मला असला हट्ट बघवत नाही. एकदा म्हणालोच, "हरणाऱ्यांना कशाला मत देता?"

त्या चालता चालता म्हणाल्या, "जिंकणाऱ्यांचं माझ्यावाचून काय अडलंय?"

गेल्या नोव्हेंबरात आमच्या स्कूल बोर्डाची निवडणूक होती. मला पटलेली उमेदवार पडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायको म्हणाली, "बाहेर केवढा गारठा आहे यार, स्किप कर."

मी बूट चढवले.