पंचफुलाबाईंची कवळी

बांधापलीकडे जीप थांबली, तशा पंचफुलाबाई चुलीवरची भाकर तशीच टाकून देवळीकडे धावल्या. नव्वदी उलटलेली बाई धावून धावून किती धावणार! पण धावल्या. फडक्यात गुंडाळलेली कवळी कशीबशी तोंडात बसवली, तोवर दारात थोरला लेक उकंडराव आणि सूनबाई रूपाबाई हजर.

साल अठ्ठ्याण्णव. दिवाळीला सेनगावी थोरल्याकडे गेलेली माय चार दिवसांत सुकली, तेव्हापासून उकंडराव हट्टालाच पेटले होते. "बिनदाताची तू, एकटी शेतातल्या आखाड्यावर काय खाशील? आमच्याकडं राहा, दूधभात खा, गुमान बस." पंचफुलाबाईंना शेतातली ती खोली, दोन शेळ्या अन् स्वतःची चूल सोडवेना. शेवटी ठरलं, कवळी बसवायची. मग महिन्याभरानं लेकासमोर भाकर खाऊन दाखवायची. जमलं तर राहायचं, नाही तर बोचकं बांधायचं. आज तो महिना भरला होता.

"आत्याबाई, दात लय शोभून राहिले!" रूपाबाई कौतुकानं म्हणाली.

पंचफुलाबाईंनी भाकरीचा लचका तोडायला तोंड लावलं मात्र, वरची कवळी भाकरीत रुतून बाहेरच आली! रूपाबाईनं तोंडाला पदर लावला. उकंडरावांचा चेहरा उतरला.

"माय, बांध बोचकं."

"काहून बांधू? थांब जरा!"

खालचीही कवळी काढून त्यांनी दोन्ही तांब्यात टाकल्या. तव्यावरून दुसरी भाकर काढली, वाफाळलेली, टम्म फुगलेली.

"आता कालवणात भिजवशील," लेक म्हणाला.

"न्हाई भिजवत. बघ तू."

पापुद्रा सुटला, तोंडात गेला. पंधरा वर्षं दातांवाचून भाकर खाऊन टणक झालेल्या हिरड्या शेळीच्या रवंथासारख्या चालू लागल्या. मधला भाग संपला. कडक काठही गेला. वर हिरवी मिरची!

"अगं, मग दिवाळीला काहून वाळलीस?"

"तुमचा दूधभात खाऊन! त्यात चावाय काय व्हतं?"

"अन् ही कवळी?"

"तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून, बाबा!"

उकंडराव पोट धरून हसले. बांधाकडे तोंड करून ओरडले, "ए जीपवाल्या, बोचकं न्हाई न्यायचं! तू बी ये जेवाय!"

पंचफुलाबाईंनी केव्हाच परातीत पीठ ओतलं होतं.