अप्पांचं शांतपणे फिरणं

चौपाटीवरून घरी आलं की चपलांतून वाळू निघते. खाली कितीही झटकून आलो तरी निघतेच. अप्पांच्या फिरण्याचे किस्से तसेच आहेत. एक सांगून संपवावा, तर त्याखाली दुसरा!

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ब्लडप्रेशर वाढलं, तिथून हे सुरू झालं. आमचे डॉक्टर म्हणाले, "रोज सकाळी समुद्रावर चाला. झाडं बघा, मन शांत ठेवा. राजकारण बंद! महिन्याभरात प्रेशर उतरलं नाही, तर अलिबागला बहिणीकडे जाऊन पडून राहायचं."

अप्पांचा चेहराच उतरला. "इथे मुंबई कोणाची, त्याचा निकाल लागायचा, आणि मी अलिबागेत सुपाऱ्या वाळवत बसू?"

अप्पांबरोबर शेजारचे गुप्तेकाका आणि वरच्या मजल्यावरचे विजयकरकाका निघाले. आईने मलाही पाठवलं. काकांना म्हणाली, "ही बोलत नाही, पण हिला ऐकू सगळं येतं."

* * *

पहिल्याच दिवशी रूल ठरला. गिरगावातून निघाल्यापासून परत येईपर्यंत फक्त निसर्गावर बोलायचं.

चौपाटीला पोचलो. भरती नुकतीच ओसरली होती. गुप्तेकाका छाती भरून श्वास घेत म्हणाले, "वा! काय शांत समुद्र आहे!"

अप्पा म्हणाले, "शांत आहे हो. पण कोणाचा?"

परत येईपर्यंत समुद्राकडे कोणी बघितलं नाही!

* * *

मग समुद्र नको, झाडं बघू, असं ठरलं. मलबार हिलच्या बागेत गेलो. तिथे झुडपं कापून त्यांचे हत्ती, उंट, जिराफ केलेले आहेत. माळी कात्री घेऊन हत्तीची सोंड नीट करत होता.

अप्पा जवळ गेले. "अहो, चांगलं अखंड झाड आहे. त्याचे तुकडे कशाला पाडता?"

माळी म्हणाला, "वरून हुकूम आहे, साहेब."

अप्पा वळून ओरडले, "बघा! इथेही वरूनच!"

घरी आईने मला विचारलं, "आज कशावर बोलले?"

"झाडांवर," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

* * *

विजयकरकाका मितभाषी. त्यांनी मौनाची युक्ती काढली. "बोलायचंच नाही! नुसतं चालायचं."

ती युक्ती छान चालली. तिघेही पांढऱ्या टोप्या घालून, खाली माना घालून, एका ओळीत चालत होते. मागे मी. थोड्या वेळाने वळून बघते तर माझ्या मागे दोन अनोळखी माणसं, तीही खाली माना घालून! त्यांच्या मागे आणखी तीन. एकाने मला हळूच विचारलं, "मूक मोर्चा कुठपर्यंत जायचाय?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात हवालदार आला. "जमावबंदी आहे, ठाऊक नाही? कुठे निघालात?"

मौन होतं. अप्पांनी आधी हाताने समुद्र दाखवला, मग छाती.

"बोलत नाहीत म्हणजे सत्याग्रहीच हे!"

मागचे पाचही जण पसार झाले. आता बोलणारी मी एकटीच उरले. "तब्येतीसाठी गप्प आहेत," मी म्हटलं.

"मोठ्याने बोल, पोरी! काही ऐकू येत नाही."

मी तीनदा सांगितलं तेव्हा कुठे त्याला कळलं. त्याने आम्हाला सोडलं, पण बजावलं, "बोलत फिरा हो! हल्ली गप्प माणसांचाच जास्त संशय येतो."

* * *

महिना संपला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर प्रेशर मोजायला घरी येणार होते. अप्पा म्हणाले, "आज अगदी शेवटचं, शांतपणे फिरून येऊ."

कॉर्नरवर आलो, तर लालबाग-परळकडून मोर्चा येत होता. गिरणीतली माणसं, बायका, सगळा रस्ता भरलेला. अप्पा थांबले.

"अप्पा, डॉक्टर काय म्हणालेत?" गुप्तेकाका कुजबुजले.

"चाला म्हणालेत. किती जणांबरोबर, ते कुठे सांगितलंय?" अप्पा म्हणाले आणि मोर्चात शिरले. मागोमाग आम्ही.

घोषणा सुरू झाल्या. मी नुसते ओठ हलवत होते. शेजारी चालणाऱ्या परळच्या बाईने माझ्याकडे बघितलं. "गो चेडवा, तोंड शिवून इलंस काय? आरड!"

मी जरा आवाज काढला. तिने माझ्या तोंडाशी कान आणला आणि मान हलवली.

अप्पा म्हणाले, "राहू द्या हो बाई. आमची ही बोलत नाही." पुढच्या घोषणेला त्यांनीच दचकून माझ्याकडे बघितलं.

उन्हं चढल्यावर घरी पोचलो. आईने विचारलं, "एवढा उशीर?"

"फिरत होतो," अप्पा म्हणाले. आईने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अप्पांच्या दंडाला पट्टा बांधला. डॉक्टरांनी एकदा मोजलं, परत मोजलं आणि हसले.

"उतरलं की! अलिबाग रद्द! बघितलंत वहिनी, शांतपणे फिरण्याचा गुण?" मग माझ्याकडे वळले. "तूही जातेस ना? तुला कसं वाटतं?"

मी तोंड उघडलं. आवाजच निघेना! डॉक्टरांनी चमचा मागवला, जीभ दाबली, बॅटरीने घसा बघितला.

"अरे अरे, पार बसलाय! वहिनी, अप्पांना रोज पाठवा. हिला मात्र घरीच ठेवा. समुद्राची हवा हिच्या घशाला सोसत नाही."