ताप उतरल्यानंतर

नीलकंठराव डॉक्टर रोग्याचा ताप उतरला की घाबरायचे. अंग फणफणत असताना खाटेजवळ बसून गप्पा मारणारा हा माणूस, ताप गेला की रोग्याचं मनगट धरून बसायचा आणि घड्याळावरची नजर हलवायचा नाही. घरचे हसू लागले की डॉक्टर म्हणायचे, "ताप गेला ना, आता त्यानं मागं काय ठेवलं ते पाहून राह्यलो."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आदिलाबादला त्यांच्या दवाखान्यात मी ईसीजी काढायचो. जैनथकडच्या एका तरुणाला त्यांनी साथीच्या तापातून बरं केलं होतं. आठवड्यानं तो कापसाचं गाठोडं उचलायला गेला आणि तिथंच कोसळला. तेव्हापासून डॉक्टरांनी ध्यास घेतला. विषाणूचा जबर ताप काळजालाही सूज आणतो, हे त्यांना गावोगावच्या रोग्यांवरून दाखवून द्यायचं होतं. मशीन घेऊन आम्ही बसनं हिंडायचो, ताप उतरलेल्यांच्या ईसीजीच्या पट्ट्या काढायचो. "पंधरा दिवस काळजाला निजू द्या," हे त्यांचं पालुपद. लोक मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी निंदायला जायचे. "गंगाधर," डॉक्टर वैतागायचे, "तुह्या मशीनला बोलता आलं असतं तं बरं झालं असतं. माहं तं कोनी आयकत नाई."

मग माझ्या बायकोला, शकुंतलेला, तोच ताप आला. त्याच आठवड्यात डॉक्टरही पडले. तिचा ताप उतरल्यावर मी घरीच तिची पट्टी काढली. ठोके वेडेवाकडे उमटले होते. इतक्या वर्षांत बिघडलेली पट्टी ओळखण्यापुरतं मला कळत होतं.

आमच्याकडं ताप उतरला की आंघोळ करून, भाताचं मडकं डोक्यावर घेऊन, अनवाणी पोचम्माआईच्या देवळात जायचं; साथीचे ताप ही देवीच आणते आणि तीच उतरवते, असं मानतात. देऊळ नाल्यापलीकडं, दीड मैलावर. माझ्या मायनं मडक्याला हळदकुंकूही लावून ठेवलं होतं. मी तिच्याशी न भांडता पट्टी घेऊन आदिलाबादला डॉक्टरांच्या घरी पळालो. त्यांचा ताप जाऊन तीनच दिवस झाले होते. त्यांनी पडल्यापडल्या पट्टी पाहिली, उठले आणि माझ्याबरोबर बसमध्ये चढले.

माय ऐकेना. "डाक्टरसाब, औषध तुमचं, पन ताप आईनं उतरवला. तिचं तिला द्याच लागते."

"गंगाधर नेते मडकं."

"त्यानं काऊन? ज्याला ताप आला त्यानंच न्यावं."

डॉक्टरांनी खाटेवरच्या शकुंतलेकडं पाहिलं. मग त्यांनी चपला काढल्या. "मंग द्या इकडं. मला बी तोच ताप आला होता."

मायनं थोडा विचार केला आणि मडकं त्यांच्या डोक्यावर ठेवलं.

मी बरोबर निघालो. पहिलं शेत ओलांडायच्या आतच त्यांना धाप लागली. "डाक्टरसाब, बसा जरा," एवढंच म्हणायचं होतं. पण मडकं वाटेत टेकवायचं नसतं, आणि डॉक्टर थांबले की माय शकुंतलेला उठवणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तोंड मिटून चालत राहिलो. नाल्याच्या चढावर त्यांचे ओठ निळसर दिसले. मी दुसरीकडं पाहिलं.

देवीपुढं मडकं उतरवून ते ओट्यावर टेकले. मी त्यांचं मनगट धरलं. ठोके अडखळत होते, मध्येच नाहीसे होत होते.

"ताप जाऊन किती दिस झाले रे मला?"

"तीन."

"लिहून ठेव," ते म्हणाले. त्या ओट्यावरून ते परत उठले नाहीत.

शकुंतला पंधरा दिवस खाटेवरून हलली नाही. ती वाचली, आज नातवंडं सांभाळते. "देवमाणूस होते डाक्टर, तुमी संग होते तरी कसं झालं?" असं ती अजून विचारते. मी म्हणतो, अचानक झालं.