कोंबडीच्या आत कोण आहे?

अबू धाबीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये जुन्या एसीखाली एक बादली ठेवलेली असायची. ती कधी भरली ते कोणाला कळायचं नाही. एक दिवस कोणाचा तरी पाय लागायचा आणि हॉलभर पाणी! टेसाचे किस्से माझ्याकडे असेच थेंबाथेंबाने साठले. आज पाय लागलाय, तर होऊन जाऊ दे.

काळ नव्वदच्या दशकाच्या शेवटचा. पुण्याचं इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षात सोडून मी परत आले होते आणि तिथल्या मराठी मंडळातल्या तमाम काका-काकूंना चघळायला विषय मिळाला होता. "कर्णिकांची ना तू? ती शिक्षण सोडलेली?" हो, तीच. कॉलिन नावाच्या इंग्रजाच्या नाटक कंपनीत मला प्रॉम्प्टरचं काम मिळालं. म्हणजे विंगेत उभं राहून दुसऱ्यांची विसरलेली वाक्यं पुटपुटायची. तिथेच टेसा भेटली. लंडनची, माझ्याएवढीच. आजोबा नट, आई नटी, आणि वडील तर टीव्हीवरचे फेमस बटलर. त्यांचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाहीये. का, ते कळेल.

*

टेसा इतक्या लांब वाळवंटात आली ती एकाच कारणासाठी. "जिथे मला कोणी 'त्यांची मुलगी' म्हणणार नाही, अशा एका तरी गावात काम करायचंय," ती म्हणायची.

पहिल्याच दिवशी कॉलिनने टाळ्या वाजवून सगळ्यांना गोळा केलं आणि तिची ओळख करून दिली. संपूर्ण ओळख वडिलांची! त्यांची सिरियल, त्यांचा आवाज, त्यांच्या भुवया.

"मला नावपण आहे, कॉलिन," ती म्हणाली.

"ऑफ कोर्स, डार्लिंग! पोस्टरवर टाकलंय ना. त्यांच्या नावाच्या खाली."

*

तिच्या व्हिसाची गंमत वेगळीच. व्हिसाची कामं करणाऱ्या माणसाने सांगितलं, "हबीबी, कंपनीकडे अ‍ॅक्ट्रेसची जागाच नाही. टायपिस्टची आहे. खलास, टायपिस्ट!"

मला वाटलं, ही आता चिडणार. ती पासपोर्ट छातीशी धरून नाचायला लागली! "तीन पिढ्यांत आमच्या घरात पहिल्यांदाच कोणाला तरी खरी नोकरी लागली!"

माझ्या व्हिसावर स्पॉन्सर म्हणून बाबांचं नाव होतं. तिला बापाचं नाव नको होतं, आणि मला बापाच्या नावाशिवाय या देशात राहताच येत नव्हतं. यावर मात्र आम्ही दोघीही हसलो नाही.

*

उम्म अल कुवैनला एक सुपरमार्केट उघडणार होतं. कॉलिनने टेसाला दिवसभरासाठी तिथे पाठवलं. काम काय? कोंबडी! डोक्यापासून पायापर्यंत पिवळी पिसं, चोचीच्या आत श्वास घ्यायला जाळी, बाहेर मरणाचं ऊन.

मी पाण्याची बाटली घेऊन तिच्या मागे मागे. पाणीही त्या जाळीतूनच पाजायचं.

"ठीक आहेस ना?"

"ग्रेट!" आतून आवाज आला. "इथे मला कोणीच ओळखत नाही!"

तेवढ्यात मॅनेजरने माइक हातात घेतला. कॉलिनने त्याला फोन करून ठेवला होता, हे आम्हाला काय माहीत!

"लेडीज अँड जेंटलमेन! या कोंबडीच्या आत कोण आहे, सांगा पाहू?"

फ्रोझन मटारच्या फ्रिजपाशी उभी असलेली एक इंग्रज बाई धावत आली, कोंबडीचा पंख हातात घेतला आणि गहिवरून म्हणाली, "वडील कसे आहेत, डिअर?"

*

आमच्या मंडळाने तरी मागे का राहावं? गणपतीत टेसाला स्टेजवर बोलावलं. अध्यक्षकाकांनी 'घराणं म्हणजे काय असतं' यावर लांबलचक भाषण ठोकलं. स्वतःच्या मुलाला त्यांनी गाणं सोडायला लावून बँकेत चिकटवला होता, हे सगळ्या हॉलला माहीत होतं. मग शाल आली, श्रीफळ आलं. टेसाने खांदे पुढे केले.

काकांनी घडी न मोडता शाल तिच्या हातात ठेवली. "फॉर युवर फादर. प्लीज डिलिव्हर."

*

बाबा आठवडाभर रुवैसला रिफायनरीत असायचे आणि शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी दुपारी घरी यायचे. एका गुरुवारी मी टेसाला जेवायला आणलं. बाबा टीव्हीवर बातम्या सोडून काहीही बघत नसत. तिचे वडील त्यांना ठाऊकच नव्हते!

"वडील काय करतात?"

"अ‍ॅक्टिंग, अंकल."

"आणि आजोबा?"

"अ‍ॅक्टिंग."

"अरेरे," बाबा मनापासून म्हणाले. "घरात मिळवतं कोणीच नाही?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेसा मात्र खूश! "तुझे बाबा ग्रेट आहेत. त्यांनी मला फक्त माझंच नाव विचारलं."

ती गेल्यावर बाबा म्हणाले, "पोरीने निदान बापाचा धंदा तरी धरला. तू काय धरलंस?"

*

मग कॉलिनने कमाल केली. रुवैसच्या क्लबमधल्या नाटकासाठी त्याने थेट टेसाच्या वडिलांनाच आणलं. प्रमुख भूमिका त्यांची, इस्टेटीच्या मालकाची. त्याच्या मुलीचा रोल टेसाचा होता, पाठही झाला होता. मुसफ्फाच्या गोदामात तालमीला पाय ठेवल्या ठेवल्या वडील म्हणाले, "मुलीचं काम दुसऱ्या कोणाला तरी द्या. लोक म्हणतील, वशिला."

टेसाला मोलकरीण केलं. संवाद एकच: "चहा, सर."

मी तडकले. "वशिला तर पोस्टरवर छापलाय की तुम्ही!" त्यांनी त्या फेमस भुवया वर केल्या आणि विचारलं, "ही कोण?"

"प्रॉम्प्टर," कॉलिन म्हणाला.

"आमच्या घराण्यात प्रॉम्प्टर लागत नाही. हिला प्रेक्षकांत बसवा."

*

म्हणून मी तिसऱ्या रांगेत, बाबांच्या शेजारी.

शेवटचा प्रवेश. मालक सगळ्या कुटुंबाला गोळा करून इस्टेटीचा निर्णय सांगतो. भलंमोठं भाषण आहे. टेसाचे वडील पुढे आले, घसा खाकरला, पहिलं वाक्य बोलले. आणि थांबले.

आधी वाटलं, पॉज आहे. मग त्यांचे डोळे विंगेकडे गेले. विंग रिकामी! मला अख्खं भाषण पाठ होतं, पण तिसऱ्या रांगेतून काय करणार? बाबांनी विचारलं, "लाइट गेली का ह्यांची?"

टेसा मागे ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला, अ‍ॅप्रनला हात पुसले आणि दोन पावलं पुढे आली.

"सरांनी मला सकाळीच सगळं सांगितलंय," ती कुटुंबाला म्हणाली. "त्यांच्याच्याने तुमच्यासमोर बोलवणार नाही. म्हणून मी सांगते."

आणि तालमींत रोज ऐकलेलं ते अख्खं भाषण ती मोलकरीण होऊन बोलली. 'मी'च्या जागी 'सर', बाकी शब्दाला शब्द. वडील नुसती मान हलवत होते. सगळं संपल्यावर तिने कप उचलून त्यांच्यापुढे धरला. "चहा, सर."

त्यांनी तो घेतला. हॉल उभा राहिला.

नंतर फॉयरमध्ये सह्या घ्यायला रांग लागली, अर्थातच बटलरच्या! अध्यक्षकाका अबू धाबीहून दुसरी शाल घेऊन आले होते, ते सगळ्यात पुढे. एवढ्यात बाबा रांगबिंग न लावता थेट घुसले. मी बाही ओढत होते, "बाबा, प्लीज!" पण ऐकतील तर ते बाबा कसले!

"एक्स्क्यूज मी," बाबा त्यांना म्हणाले. "तुम्ही टेसाचे वडील ना?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"येस," ते म्हणाले. "आणि आपण?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

"मी हिचा."