कूपर्स कोर्टचं रिकामं दार

केझाया थ्वेट कूपर्स कोर्ट नावाच्या गल्लीतच जन्मली, तिथेच लग्न झालं, तिथेच विधवा झाली. हॅल्सबरी गावातल्या बड्या घरांचे कपडे धुऊन तिचे हात धुण्याच्या सोड्याने सोलवटले होते. काळ्या लाकडी तुळयांच्या तिच्या घराला तीनशे वर्षं झाली म्हणे. तिला ठाऊक होतं ते इतकंच, की पावसात ते तीन ठिकाणी गळतं.

मग सुधार समितीने रस्त्यासाठी सगळी गल्ली पाडायचं ठरवलं. पाडण्याआधी आठवण राहावी म्हणून फोटोग्राफर ऑर्मरॉड यांना पाठवलं. समितीला इमारती हव्यात, माणसं नकोत, म्हणून त्यांनी सगळ्यांना आत जायला सांगितलं. बाकीचे गेले. केझाया हलली नाही.

"दार माझं आहे. त्याचा फोटो निघणार, तर मी त्यात असणार."

ऑर्मरॉड कंटाळले. "बरं, उभ्या राहा. पण फोटो उतरायला वेळ लागतो, हललात तर धुरासारख्या दिसाल."

ती हलली नाही. खोकला घशात दाबून धरला, नाकावर माशी बसली तीही उडवली नाही. समोरच्या घरातली मार्था खिडकीतून हसून म्हणाली, "केझे, राणी व्हिक्टोरिया झालीस की गं!" केझायाच्या ओठाचा कोपराही हलला नाही.

महिन्याभरात गल्ली भुईसपाट झाली. केझायाला नदीपलीकडे एका तळघरात जागा मिळाली. तिथे कपडे वाळेनात, गिऱ्हाइकं तुटली. चहात बुडवलेल्या पावावर दिवस निघू लागले. पण ती मार्थाला सांगायची, टाउन हॉलातल्या समितीच्या प्रदर्शनात माझा फोटो लागणार आहे.

प्रदर्शन सर्वांना खुलं झालं त्या शनिवारी दोघी गेल्या. केझायाने मार्थाची टोपी घातली होती. गल्लीचा फोटो मधोमध होता, सोनेरी चौकटीत. गटार दिसत नव्हतं, कपड्यांच्या दोऱ्या नव्हत्या. तिचं दार होतं. दारात नुसता अंधार.

तिने बोट लावून पाहिलं. पहारेकरी ओरडला.

ऑर्मरॉड तिथेच होते. त्यांनी तिला ओळखलं आणि मान खाली घातली. समितीला जुनं गाव हवं होतं, ते म्हणाले. माणूस दिसला की गरिबी दिसते. म्हणून फोटोच्या मूळ काचेवरून तुम्हाला खरवडून काढावं लागलं.

"पण मी हलले नव्हते."

"नाही. फार स्पष्ट आल्या होतात. म्हणूनच वेळ लागला."

शेजारी एक गृहस्थ बायकोला सांगत होते, की काय निवांत असतील ते दिवस, आता असं काही उरलं नाही. केझायाने त्यांच्याकडे पाहिलं. तिला खोकल्याची उबळ आली, आणि ते दोघं जरा बाजूला सरकले.

घरी जाताना पुलावर मार्था म्हणाली, "चल गं, काच आहे नुसती."

"त्या काचेवर तरी मला कुठे ठेवलंय त्यांनी?" केझाया म्हणाली.

त्यानंतर तिने धुण्यासाठी कपडे मागायला जाणं सोडलं. हिवाळ्यात तळघरात पाणी शिरलं तेव्हा तिला निराधारगृहाच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून ती परतली नाही. तिला बेवारसांच्या सरकारी जमिनीत, नावाच्या दगडाशिवाय पुरलं. पुरताना मार्था एकटीच हजर होती. त्या नाताळात कूपर्स कोर्टच्या फोटोच्या प्रती फार खपल्या.