सातव्या गाण्याचा पंचनामा

आबा पाण्याचा ग्लास कधी सरळ तोंडाला लावत नसत. आधी तो खिडकीकडे धरायचा, एक डोळा मिटायचा, ग्लास जरा कलता करून तळाशी काही बसलंय का ते पाहायचं, आणि काही बसलेलं नसलं तरी जाहीर करायचं, "भेसळ हाय." मग ते पाणी शांतपणे पिऊन टाकायचं. अकोल्यात नळाला पाणी आलं हेच भाग्य समजणाऱ्या आमच्या घरात माझी बायको यावर दर वेळी नव्यानं चिडायची. फिल्टर तिच्या माहेरून आला होता.

आबा आमचे शेजारी. अन्नातली भेसळ पकडणाऱ्या सरकारी खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त झाले ते खातं, आबा नव्हे. आमच्या कॉलनीत दूधवाला दुधाचा कॅन आबांच्या फाटकासमोरून उचलून नेत नसे, मागच्या गल्लीतून फिरवत असे. एकदा मी त्याला म्हटलं, अरे, आता त्यांना अधिकार काय? तो म्हणाला, "अधिकार नाई जी, पण ते कॅनकडे पाह्यतेत ना, तं मलेच वाटते का म्या काईतरी टाकलं."

असा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. प्रत्येक लग्नात एक असतोच, जो पंगतीत न बसता मांडवाच्या दाराशी उभा राहून बाकीच्यांची ताटं पाहतो. आबा लग्नात फक्त दोन गोष्टी खात, केळी आणि टरफलासकटच्या शेंगा. "हे देवानं सील केलेलं हाय," ते म्हणत. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी बाहेरच्या कशाचा घास घेतला नव्हता. मी विचारलं, अहो, पण नमुना घेताना चव तरी पाहत असाल? तर ते असे दचकले की मी जणू त्यांच्या घरात चप्पल घालून शिरलो. "चव पाहणं निरीक्षकाचं काम नाई, पत्रकार. नमुना घ्यायचा, चार भाग करायचे, लाख लावायची, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या आन प्रयोगशाळेत धाडायचा. जिभेले काय समजते?"

मी इथल्या एका दैनिकाची रविवार पुरवणी पाहतो. म्हणून मी 'पत्रकार'. हा शब्द ते ज्या सुरात उच्चारत, त्या सुरात लोक 'वनस्पती तूप' म्हणतात.

निवृत्तीनंतर पेढ्याचे नमुने मिळेनात, तेव्हा आबांनी संगीताकडे मोर्चा वळवला. कुठल्या वर्षी आणि कुणाच्या शिफारशीवरून हे कुणालाच आठवत नाही, पण अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांतल्या भजन स्पर्धांचे ते कायमचे परीक्षक झाले. टोपी काढून टेबलावर ठेवायची, टोपीवर चष्म्याचं घर, समोर रकाने आखलेली वही. त्यातले रकाने दोनच, 'शुद्ध' आणि 'भेसळ'. सूर, ताल, उच्चार वगैरे भानगडी त्यांनी ठेवलेल्याच नव्हत्या.

वलगावच्या स्पर्धेला मी बातमीसाठी गेलो होतो. एक मंडळ रंगात आलं होतं, माणसं डोलत होती, आणि आबांनी वाहतूक पोलिसासारखा हात वर केला. भजन थांबलं.

"कोन्त्या पिक्चरची चाल हाय ही?"

म्होरक्या साठीचा होता. तो हात जोडून म्हणाला, "आबा, देवाले कुठं माहीत हाय पिक्चर?"

"मले माहीत हाय ना!"

निकाल लागला तो दर वर्षीसारखाच. योग्य मंडळ न आढळल्यामुळे पहिला क्रमांक राखून ठेवण्यात येत आहे. त्यांच्या हातून पहिला क्रमांक कुणालाही गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ढाली आयोजकांच्या कपाटात पडून राहत आणि पुढच्या वर्षी तीच ढाल पुसून पुन्हा टेबलावर येई.

आता आबांच्या घरात ब्राझील कसा शिरला ते सांगतो.

आबांची नात अमरावतीला कॉलेजात होती. सुट्टीत अकोल्याला आली की घरभर गाणी लावायची. त्या दिवाळीत तिनं एक अल्बम आणला, तिकडच्या एका आजच्या गायिकेचा. अकरा गाणी होती. एकात सांबाचे ढोल, त्यातच मध्येच नाचायच्या दणदणाटाचं संगीत, कुठं चर्चमधल्यासारखा समूहस्वर, कुठं एकटी गिटार, कुठं भरभर बोलून म्हटलेल्या ओळी आणि एका गाण्यात चक्क त्या बाईच्या आजीनं नदीवर कपडे धुताना म्हटलेलं गाणं. पोरगी वेडी झाली होती. तिला हेच शिकायचं होतं, गाणी अशी मिसळतात कशी, ध्वनिमुद्रण करतात कसं. मुंबईत तसा अभ्यासक्रम होता. तिचा बाप बँकेत. तो कधीच कशाचा निर्णय घेत नसे, त्यानं नेहमीप्रमाणे सांगितलं, "आबाले विचार. ते हो म्हनतीन तं जाय."

म्हणजे नाहीच, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

आबांनी दारातून दोन मिनिटं ऐकलं. "कोन्ती भाषा व ही?"

"पोर्तुगीज, आबा."

"म्हंजे गोव्याकडची?"

"ब्राझीलची."

"तिकडंही भेसळ होते म्हना की."

पण पोरगीही त्यांचीच नात. ती म्हणाली, "तुमी नमुना न तपासता कोनाले नापास केलं का आबा? नाई ना? मंग हे बी तपासा. पुरं. अकराच्या अकरा."

आबा फसले. नियमावर बोट ठेवलं की ते हमखास फसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, आंघोळ आटोपून, धुतलेला सदरा घालून आबा खुर्चीत बसले. पंच म्हणून मला आणि माझ्या बायकोला बोलावणं आलं. वही, कार्बन पेपर, चार प्रती. प्रत्येक गाणं पूर्ण ऐकून आबा लिहीत आणि मोठ्यानं वाचत. "गाणे क्रमांक एक. ढोल, गिटार, यंत्र. भेसळ." "गाणे क्रमांक दोन. देवाचं गाणं व नाच एकत्र. भेसळ." तिसरं, चौथं, पाचवं, सहावं, सगळी नापास. माझी बायको पदराखाली जांभया देत होती. नात गुडघ्यांवर हनुवटी टेकून जमिनीवर बसली होती, आणि एकेका शब्दासरशी तिचा चेहरा उतरत होता.

सातवं सुरू झालं. आधी फक्त एक चामड्याचा आवाज, त्याच्या कडेला बारीक झांजांची खुळखुळ. चार आवर्तनं झाली आणि मग बाई गाऊ लागली.

आबांची बोटं खुर्चीच्या हातावर पडू लागली. करंगळी, अंगठा, मग तळहाताची थाप, बरोबर त्या आवाजाच्या सांध्यात. डोळे मिटलेले. हा माणूस ताल धरू शकतो हे मला वीस वर्षांच्या शेजारात माहीत नव्हतं. गाणं संपलं तरी बोटं थांबली नाहीत.

"पुन्ना लाव."

पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

"ही खंजिरी हाय," आबा म्हणाले.

"तिकडं तिले पांदेरो म्हन्तेत, आबा," नात म्हणाली.

"काईही म्हनोत. खंजिरी हाय." आणि मग, कुणी विचारलं नसताना, ते बोलायला लागले. अंजनगाव सुर्जीला लहानपण गेलं. तिथल्या मंडळात ते खंजिरी वाजवत. एकदा मंडळासोबत मोझरीच्या आश्रमात भजनाला गेले होते, ट्रकात उभ्यानं, आणि तिथं एवढं वाजवलं की बोटांची कातडी निघाली.

"मग सोडली काहून?" मी विचारलं.

"नोकरीसाठी इथं आलो. इथल्या एका मोठ्या गवयानं आयकलं. चार लोकांत म्हने, चामडं बडवनं बंद करा, संगीत शिका. मी बंद केलं."

"आणि संगीत?"

"ते तं आलं नाई," आबा म्हणाले. "मंग परीक्षक झालो."

हे ते विनोद म्हणून म्हणाले नव्हते. आपल्याकडे परीक्षक असेच होतात, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे, पण कुणी ते इतकं सरळ कबूल केलेलं मी ऐकलं नाही. मला हसू आलं. मी ते बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून दाबलं.

उरलेली चार गाणी त्यांनी नापास केली, पण सातव्यासमोर ठसठशीत 'शुद्ध' लिहिलं. त्या वहीत पहिल्यांदाच. पंचांच्या सह्या झाल्या. मग नातीकडे न पाहता ते म्हणाले, "जिथं असं शुद्ध वाजवतेत, तिकडचं शिकाले माही हरकत नाई."

पोरीनं आनंदानं माझ्या बायकोला मिठी मारली. आबांना मारायची हिंमत कुणात नव्हती.

त्यांचा अहवाल मी पुरवणीत छापला. 'दहा नापास, एक पास.' त्यात शेवटचं वाक्य होतं, 'सातव्या गाण्यातील खंजिरीत कोणतीही भेसळ नाही, याची मी जबाबदारी घेतो.' लोकांना आवडलं. आबा चार दिवस छाती काढून फिरले.

सोमवारी नात माझ्या कचेरीत आली. तोंड एवढंसं झालेलं.

"काका, एक सांगू? सातव्या गान्यातली ती खंजिरी कोनं वाजवलेलीच नाई. अल्बमसोबतच्या टिपणात लिवलं हाय. कॉम्प्युटरवर बनवली. मले आधी मालूम नव्हतं, आईची शपथ. मी जाईपर्यंत आबाले सांगू नका. ते एकदम नाई म्हनतीन."

मी वचन दिलं. माणसानं स्वतःवर फार विश्वास ठेवू नये. मी ते वचन गुरुवारपर्यंत पाळलं.

गुरुवारी सकाळी मैदानावर आमची फिरणारी मंडळी बाकावर बसली होती. आबा गुळात काय काय मिसळतात यावर बोलत होते. तिथून ते वर्तमानपत्रावर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्या पत्रकाराच्या पेपरात वर्षभरात एकच मजकूर शुद्ध छापून आला. माहा."

वीस वर्षांचे पाण्याचे ग्लास माझ्या डोळ्यांसमोर आले. मी म्हणालो, "आबा, तुमची ती शुद्ध खंजिरी कॉम्प्युटरनं वाजवलीय. माणसाचा हातच लागलेला नाही. तीस वर्षं तुपातला डालडा पकडलात आणि शेवटी डालड्यालाच सर्टिफिकेट दिलंत!"

मी मोठ्यानं हसलो. एकटाच हसलो हे जरा उशिरा लक्षात आलं.

"पक्कं?" आबांनी विचारलं.

"लिहिलेलं आहे."

ते उठले. एक फेरी उरली होती, ती न मारताच घरी गेले. जाताना त्यांचा उजवा हात खिशात होता. एरवी ते हात मागे बांधून चालत.

दोन दिवस त्यांचं दार बंद. नातीनं माझ्याकडे पाहणं सोडलं. तिच्या बापानं फाटकाशी सांगितलं, "आबा जेवले बी नाई धड. पोट्टीचं जानं आता राह्यलंच म्हनून समजा." माझ्या बायकोनं मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण सगळं खरं होतं. एका पोरीचं आयुष्य मी एका बाकावरच्या टाळीसाठी फुंकून टाकलं होतं, आणि टाळीही कुणी दिली नव्हती. मला माझी लाज वाटली. आजही वाटते.

तिसऱ्या दिवशी आबा कचेरीत आले. धुतलेला सदरा, हातात चार प्रती. समोर बसले, चष्मा लावला आणि वाचलं.

"दुरुस्ती. गाणे क्रमांक सात यात यंत्राची भेसळ आढळून आली. तपासणीवेळी निरीक्षकाने नियम मोडून चव घेतली होती. चव बरोबर होती. सबब निकाल कायम. कुमारी नात हिच्या जाण्यास पूर्वीप्रमाणेच हरकत नाही."

"आबा," मी म्हणालो, "भेसळ असून पास? असं कसं चालेल?"

त्यांनी चष्मा काढला. "दोन दिवस तेच गानं आयकून राहिलो. मालूम असून बी बोटं हालतेच, त्याले मी काय करू? तीस वर्षं चव नाई घेतली, पत्रकार. किती चांगल्या पेढ्यायवर भेसळ म्हनून फिनाईल वतलं असन म्या, देव जाने." मग लगेच सावरून, "सही करा. पंच हाय ना तुमी. आन पहिल्या पानावर छापा."

पहिल्या पानावर नाही, पण पुरवणीच्या वरच्या अंगाला मी ते चौकटीत छापलं. एक शब्द बदलला नाही. माझ्या पुरवणीत वर्षभरात खरोखरच तेवढं एक शुद्ध होतं, हे आता ते नाहीत म्हणून कबूल करतो.

आबांना जाऊन दोन वर्षं झाली. भजन स्पर्धांना आता तीन तीन परीक्षक असतात, प्रत्येकाला पहिला क्रमांक देतात आणि उत्तेजनार्थ वेगळे. दूधवाला समोरच्या गल्लीतून जातो. आमच्याकडचं पाणी कुणी उजेडात धरत नाही, आणि माझी बायको फिल्टरचं कौतुक कुणाला सांगावं या विचारात असते. नात मुंबईत काय काय मिसळते ते मला पाठवत असते, आणि मला त्यातलं अर्धं कळत नाही.

मला आठवतात ते अकोला स्टेशनवरचे आबा. पोरीला पोचवायला आम्ही सगळे गेलो होतो. भर दुपार, गाडी उशिरा. आबांनी तिच्यासाठी शेंगांची पिशवी आणि केळी आणली होती. नातीनं फलाटावरच्या स्टॉलवरून चहा घेतला आणि न विचारता एक कागदी कप आजोबांच्या हातात दिला. आम्ही सगळे पाहत होतो. आबांनी सवयीनं कप वर उजेडाकडे धरला. कागदातून काय दिसणार? त्यांनी तो खाली घेतला, एक घोट घेतला, थोडा वेळ तोंडात ठेवला, मग गिळला.

"कसा हाय, आबा?" तिनं विचारलं.

रिकाम्या हाताची बोटं तिच्या बॅगेवर पडत होती. करंगळी, अंगठा, तळहात.

"भेसळ हाय," आबा म्हणाले, आणि कप संपवून स्टॉलवाल्याला बोटानं खूण केली, अजून एक.